घाटाबिल्लोदला उतरले

७ डिसेंबर, धार

मराठीत लिहायचं कारण एकच. विहंगला वाचता येणार नाही. म्हणजे येतं, पण आमचे नवरोबा देवासच्या हिंदी शाळेत शिकलेले. मराठीची एक ओळ वाचायला त्यांना स्टेशनपासून देवीची टेकरी चढून जाण्याइतका वेळ लागतो. त्यात माझं अक्षर. बँकेच्या लॉकरपेक्षा ही वही सुरक्षित.

तर, मला मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. नाव अजून ठेवलेलं नाही, तोवर सगळे चिऊ म्हणतात. ज्यांनी खरी चिमणी ऐकली आहे त्यांनी हे नाव सुचवायला नको होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माझं माहेर धार. पण माहेरी आई असणारच, असं रीत पाडणारे धरून चालले होते. माझी आई डहीच्या शाळेत मुख्याध्यापिका. खोली घेऊन तिथेच राहते, रविवारी घरी येते. तिथे सध्या सहामाही परीक्षा चालू. चार दिवस राहिली, कसं बसायचं, कसं उठायचं, टाके कसे सांभाळायचे, हे प्रार्थनेनंतरच्या सूचनांसारखं मोठ्याने सांगितलं आणि गेली. सासूबाई, म्हणजे माई, देवासला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून हिरवी पट्टी लावून बसल्यात. विहंग कंपनीत क्वालिटीला आहे आणि कंपनीत ऑडिट आहे. राहता राहिले बाबा. बँकेतून रिटायर झालेले श्री. भास्करराव माझं बाळंतपण करणार आहेत.

आज त्यांनी यूट्यूबवर बघून डिंकाचे लाडू केले. एक हातातून पडला. फरशीला काही झालं नाही. लाडवालाही.

९ डिसेंबर

मी देवासला नववी-दहावीला बायोलॉजी शिकवते. ‘सस्तन प्राणी आपल्या पिल्लांना दूध पाजतात.’ एका मार्काचं उत्तर. इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, एकदाही वाटलं नाही की या वाक्यात काही गाळलंय.

चिऊला नीट तोंड लावता येत नाही, मला तिला नीट धरता येत नाही. दोघी नापास, आणि तक्रार तिचीच मोठी.

सकाळी मालिशला यमुनाबाई येतात. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही तिला वही-कॉपी तपासायला घेतल्यावानी धरता हो.” मग त्यांनी धरून दाखवलं. चिऊ त्यांच्या हातावर लगेच झोपली. माझ्याकडे आली की डोळे टक्क उघडे. मला पाहून मुलं जागी होतात, हे शाळेत कधी घडलं नव्हतं.

१२ डिसेंबर

बारसं आईची परीक्षा संपल्यावर. माझी नाही, शाळेची.

पण बघायला लोक यायचे ते येतातच. शेजारच्या बकुळामावशी, त्यांच्या दोन सुना, बाबांच्या बँकेतले कोणी गुप्ताजी. सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला. “माँ बनके कैसा लग रहा है?” मी म्हणते, “बहुत अच्छा.” बक्षीस समारंभात दुसरा नंबर आलेली मुलगी म्हणते ना, तसं.

बकुळामावशी म्हणाल्या, बाळ पहिल्यांदा बघितलं की बाईचा जीव आपोआप उमलतो. मी आठवून पाहिलं. मी बघितलं तेव्हा पहिला विचार आला, ही कुणाची? आणि दुसरा, हिचे आईवडील कधी येणार न्यायला?

विनोदी आहे म्हणून लिहून ठेवलं. विहंगला फोनवर सांगणार होते, पण त्याच्या मागे मशीनचा फार आवाज होता. तो म्हणाला, “काय म्हणालीस?” मी म्हटलं, “काही नाही, लाडू छान झालेत.”

१५ डिसेंबर

ती रडली. मी रडले. बाबांनी कुकर लावला.

१८ डिसेंबर

माझी खोली वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर, बैठक खाली. आज बाबांना सांगून टाकलं की चिऊला जिन्यावरून तुम्हीच आणत-नेत जा. कारण मी जिन्यात आले की डोक्यात येतं, हात सुटला तर. नुसतं येत नाही, दिसतं. अगदी खालच्या पायरीपर्यंत दिसतं. मग मी भिंतीला पाठ लावून एकेक पायरी उतरते, चोरासारखी. बायोलॉजीच्या बाईला फिजिक्सची ही अचानक आवड!

बाबा हसले. मग म्हणाले, “रोज येतं का गं असं डोक्यात?”

“नाही हो. कधीतरी.”

रोज येतं. पण रोजचं सांगत बसलं तर माणूस कंटाळतो.

दुपारी बाबांनी माझा पलंग, पाळणा, सगळं खाली बैठकीत आणलं. म्हणे जिन्याने त्यांचे गुडघे दुखतात. परवापर्यंत गच्चीवर हरभरे वाळत घालायला दोन-दोन पायऱ्या चढत होते. वय झालं त्यांचं, पटकन दिसायला लागलं.

२१ डिसेंबर

आज एक गंमत झाली.

सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही असा आईचा नियम. पण आई डहीला. बाबा म्हणाले, “जरा पाय मोकळे करून ये. कोपऱ्यावरून साबुदाणा आण. चिऊ झोपलीय, मी आहे.” मी शाल घेतली, पिशवी घेतली. फोन राहिला.

कोपऱ्यावर दुकान उघडं होतं. त्याच्यासमोरून मी पुढे गेले. का, ते माहीत नाही. दुकानदाराने नमस्कारही केला, मीही केला. चालत चालत बस स्टँडवर पोचले. तिथे एक गाडी चालू होऊन घरघरत उभी होती, आणि कंडक्टर ओरडत होता, “इंदौर, इंदौर, इंदौर!” मी नुसती बघत होते. तो म्हणाला, “आओ दीदी, बैठो, खिडकी खाली है.”

आता ही गोष्ट कुणाला पटणार नाही, पण कितीतरी दिवसांत मला पहिल्यांदाच कुणी नुसतं ‘बैठो’ म्हणालं होतं. सरळ बैठो नाही, टेकून बैठो नाही, उशी घेऊन बैठो नाही. मी बसले. तिकीट मागितलं तेव्हा इंदूरचं घेतलं, कारण तो तेच ओरडत होता. रतलाम ओरडत असता तर रतलामचं घेतलं असतं.

आणि मी झोपले. इतकी गाढ, की काचेवर डोकं आपटत होतं तेही छान वाटत होतं.

जाग आली ती रडण्याने. मागच्या सीटवर कुणाचंतरी बाळ रडत होतं. चिऊ नव्हती, दुसरंच. पण माझ्या अंगाला ते कुठे कळतंय? कुडता भिजला, शालीपर्यंत. घरी थेंबासाठी आम्ही दोघी भांडतो, आणि इथे परक्याच्या पोरासाठी धरण फुटलं. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, डोक्यावरून ओढणी, मांडीवर लसणाचं गाठोडं. तिने माझ्याकडे बघितलं, स्वतःची ओढणी काढून माझ्या छातीवर टाकली आणि हळूच विचारलं, “बई, थारो नानो कां हे?”

तुझं बाळ कुठाय.

“घर पे. बाबा के पास.”

“तो तू यां कई करी री हे?”

मग तू इथे काय करतेयस. मी उठले, म्हटलं भिया रोको, आणि उतरले. घाटाबिल्लोद होतं. ओढणी परत करायची राहिली.

इथे लिहायला बरं वाटलं असतं की मग मायेचा पूर आला आणि मी घराकडे धावत सुटले. तसं काही नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि ठरवलं, जी बस आधी येईल त्यात बसायचं. इकडची आली तर इकडे, तिकडची आली तर तिकडे. धारची आधी आली. बस्स. इंदूरची आली असती तर आज ही दैनंदिनी सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर असती.

घरी आले तर बाबा फाटकात उभे, चिऊ त्यांच्या मफलरमध्ये गुंडाळलेली. बकुळामावशीही होत्या, हातात वाटी-चमचा. बाबांच्या पायात चपला नव्हत्या. मला बघून त्यांनी आधी चिऊभोवतीचा मफलर नीट केला. मग म्हणाले, “साबुदाणा मिळाला?”

“संपला होता.”

“असू दे. थालीपीठ करू.”

मग स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून नळ चालू असल्याचा आवाज येत होता. मी जाऊन बघणार होते. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं आणि हे असं वाया घालवायचं! पण चिऊ उठली.

२२ डिसेंबर

योगायोग बघा. सकाळी चहाच्या वेळेला विहंग हजर. म्हणे ऑडिट पुढे गेलं. दुपारी आई हजर, शाळेच्या पिशवीसकट. म्हणे उरलेले पेपर दुसऱ्या बाई बघून घेतील. आयुष्यभर ज्या बाईने तापातसुद्धा पेपर दुसऱ्याला दिले नाहीत, तिने.

मी म्हटलं, “बारसं उरकायचंय का आजच?”

आई म्हणाली, “बारसं कुठे पळून जात नाही.”

‘पळून’ म्हणाली आणि बाबांनी तिच्याकडे बघितलं. विहंगने एकदम चहा छान झालाय म्हणून सांगितलं. कप रिकामा होता.

२४ डिसेंबर

घरातल्या लोकांना काहीतरी झालंय. फाटकाला बाबांनी वरून कडी लावली, म्हणे गायी शिरतात. मी आंघोळीला गेले की आई दाराबाहेर उभी राहून विचारते, “पाणी गरम आहे ना?” दोन मिनिटांनी पुन्हा, “आहे ना?” गच्चीवर गेले तर विहंग मागोमाग. त्याला म्हणे ऊन हवंय. रंग तर असा झालाय की त्याला सावलीच हवी.

गच्चीवर तो म्हणाला, “यार उर्वी, मला सांगायचं होतंस ना.”

“काय सांगायचं? मी मूर्ख आहे म्हणून? ते तर तुला साखरपुड्यापासून माहीत आहे.”

तो हसला. हसता हसता तोंड वळवून पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला. मीही बघितलं. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

खरं सांगायचं तर मला एवढी वर्दळ नको झालीय. तीन मोठी माणसं मिळून चिऊला माझ्याहून कितीतरी चांगली सांभाळतात. मी नसले तरी चालेल, असं हिशेबात बसतं. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाहीये. शाळेत बदली शिक्षक मिळाला की सुटी मिळते, तितकंच साधं वाटतंय.

२६ डिसेंबर

इंदूरला जाऊन आलो. यावेळी पूर्ण.

आई म्हणाली होती चिऊला दाखवायचंय. पण दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर बाईंनी चिऊकडे बघून फक्त “गोड आहे” म्हटलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. डॉ. नेहा, माझ्याच वयाच्या. मराठीत बोलल्या म्हणून मी खूश. झोप लागते का, भूक लागते का, रडू येतं का. मी सगळी उत्तरं रंगवून दिली. लाडवाची गोष्ट सांगितली, फिजिक्सची सांगितली, घाटाबिल्लोदची सांगितली, बस जी आधी येईल ती, तेसुद्धा. मला वाटलं त्या हसतील. त्या लिहीत होत्या.

मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “उर्वी, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?”

मी म्हटलं, “करून घ्यायला वेळ कुठे मिळतो?”

कुणीच हसलं नाही. मी विहंगकडे बघितलं, तो माझ्या विनोदावर नेहमी आधीच हसायला लागतो. तो नाही हसला. आईने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मी तोच विनोद पुन्हा करायला तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द न येता भलताच आवाज आला. मग तो थांबेना.

कुणी गप्प हो म्हणालं नाही. आईसुद्धा.

डॉक्टरांनी सांगितलं, याला नाव आहे, औषध आहे, आणि हे पुष्कळ बायकांना होतं. अंगावर पाजत असले तरी चालेल असं औषध दिलंय. म्हणाल्या, “ही माया नसल्याची खूण नाही, आजाराची आहे.” मी म्हटलं, “पण मला माया वाटतच नाहीये.” त्या म्हणाल्या, “टायफॉइडमध्ये भूक लागत नाही. म्हणून कुणी म्हणतं का, या माणसाला जेवण आवडत नाही?”

उत्तर बरोबर होतं. पूर्ण मार्क दिले.

परतताना गाडी घाटाबिल्लोदवरून गेली. आईने माझा हात धरला होता. आमच्यात हात धरायची पद्धत नाही. दोघींनाही घाम आला, पण कुणी सोडवला नाही.

३१ डिसेंबर

विहंग देवासला गेला. शनिवारी येणार. रोज फोन करतो आणि आता मशीनच्या आवाजापासून लांब, गेटवर जाऊन करतो. मला माहीत आहे, कारण मागे मोमोवाल्याचा आवाज येतो.

गोळ्यांचा काही परिणाम नाही. तोंड कोरडं पडतं आणि जांभया येतात, म्हणजे मी आता चिऊसारखीच झालेय. डॉक्टर म्हणाल्या होत्या वेळ लागेल. मला वाटलं होतं इतरांना लागत असेल.

आईने लांब रजा टाकली. डहीहून फोन आला, “मैडम, स्टोर की चाबी नहीं मिल रही.” आई म्हणाली, “ताला तोड़ दो,” आणि फोन ठेवला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. घरात क्रांती झालीय.

४ जानेवारी

वाईट दिवस. लिहिण्यासारखं नाही. आईला सांगितलं, एवढं मात्र केलं.

८ जानेवारी

ऊन चांगलं पडलं होतं. आई आणि मी गच्चीवर मटार सोलत होतो. चिऊ यमुनाबाईंच्या पुढ्यात, तेल लावून तुळतुळीत. मटार मध्येच तोंडात टाकत आई एकदम म्हणाली, “तू झालीस तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.”

“काय?”

“कसं वाटतंय म्हणून. म्हणजे, विचारायचे, पण उत्तर ऐकायला थांबत नसत. मी लवकरच शाळेत रुजू झाले. सगळे म्हणाले, दगडाची आहे. मलाही वाटलं, असेन.”

इतकी वर्षं मीही म्हणत आलेय. दगड नाही, पण ‘आईला शाळा आधी.’ लग्नाच्या आधी विहंगलासुद्धा हेच सांगितलं होतं, हसत हसत.

मी विचारलं, “मग कधी बरं वाटायला लागलं?”

तिने खूप विचार केला. हातातली शेंग तशीच.

“आठवत नाही. एक दिवस बघितलं, तर वाटत होतं.”

असलं उत्तर कुण्या पोराने पेपरात लिहिलं असतं तर तिने शून्य दिलं असतं. मला मात्र पुरलं.

तेवढ्यात यमुनाबाईंनी ओरडून सांगितलं की ताई, हिने शी केली. आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. कोण उठणार? मी उठले. माया वगैरे नाही, माझे मटार आधी संपले होते.

१६ जानेवारी

आज माझ्या हातून सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन घडलं.

चिऊची दीड महिन्याची लस होती. मी आणि आई सरकारी केंद्रावर गेलो. रांग, बाकडी, सगळीकडे झबली-टोपरी, आणि आतून एकेकाची किंकाळी. आमचा नंबर आला. नर्सबाईंनी आधी तोंडात थेंब घातले, ते चिऊने आवडीने चाखले. भोळी आहे. मग तिची मांडी धरून सुई टोचली.

चिऊने आधी आवाजच केला नाही. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, श्वास कुठेतरी अडकलेला, आणि डोळे थेट माझ्यावर. मला विचारत होती, हे तुझ्यासमोर झालं? मग रडली. आणि नर्सबाई दुसरी मांडी पुसायला लागल्या.

मी ओरडले. “अहो, हळू! जरा थांबा ना! माणूस आहे ती!”

मराठीत ओरडले. नर्सबाईंना मराठी येत नाही. मग हिंदीत तेच, अजून मोठ्याने. रांगेतल्या बायका वाकून बघायला लागल्या.

नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, “मैडम, सुई इसको लगी है, आपको नहीं.”

“मुझे ही लगी है!”

हे मी म्हणाले. मी. जी रिक्षावाल्याने जास्त मागितले तर थँक यू म्हणून देते, जी स्टाफरूममध्ये कुणी आपला डबा खाल्ला तरी डबा कसा होता म्हणून विचारते. रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. आईने मला बाकावर बसवलं. दुसरी सुई टोचली तेव्हा मी चिऊचं डोकं हनुवटीखाली धरून ठेवलं होतं आणि नर्सबाईंकडे अशी बघत होते की त्यांनी खरंच हळू टोचली. किंवा पहिल्यांदाही तेवढीच हळू टोचली असेल.

चिऊ शांत झाली ती माझ्या खांद्यावर. बाबा तिथे नव्हते, यमुनाबाई नव्हत्या, आईचे हात मोकळे होते, तरी. मला ते रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. तेव्हाही माझं डोकं तापलेलंच होतं. नर्सची तक्रार कलेक्टरकडे करायची की थेट भोपाळला, याचा मी विचार करत होते.

आता दुपार आहे. अंग थोडं गरम लागतंय तिचं. ताप येईल म्हणालेच होते. औषध दिलंय. झोपलीय. मांडीवर दोन बारीक ठिपके आहेत, मी दर थोड्या वेळाने दुपटं वर करून बघते, आणि दर वेळी मला नव्याने राग येतो.

संक्रांतीचा तिळगूळ अजून उरलाय. आईला म्हटलं, उद्या त्या नर्सबाईंना नेऊन द्यावा. उगाच ओरडले.

आई म्हणाली, “तिळगूळ दे. माफी मागू नकोस. बरोबर ओरडलीस.”

बरोबर नव्हते ओरडले. त्या बिचारीची काही चूक नव्हती. आईलाही ते चांगलं माहीत आहे.